देण्यातल्या साड्यांचा बांध

कारभारीच्या घरामागचा उतार दरसाल थोडा थोडा नाल्यात जात असे, आणि कारभारी दरसाल आपली बाज थोडी थोडी आत ओढून घेत असे. याला तो उपाय म्हणत असे.

बोरढव हे गाव धाडच्या बाजारापासून जीपच्या अंतरावर, टेकाडाच्या पाठीवर बसलेलं. गावठाणाची माती पांढरी. पिकाला नालायक आणि पाण्यात चहातल्या बिस्किटासारखी. घरामागं आधी पेरूचं झाड गेलं, मग कोंबड्यांचं खुराडं गेलं, मग धुणं धुवायचा दगड गेला. दगड नाल्यापलीकडं राहणाऱ्या कलाबाईला सापडला, आणि तिनं त्यावर धुणं सुरूही केलं. आता उताराचा काठ सैपाकघराच्या भिंतीपासून हातभरावर आला होता. भिंतीला फट पडली होती. आधी त्या फटीत उलथन्याचं टोक जायचं, आता कारभारीच्या बायकोचा, गोजरबाईचा, अख्खा पंजा जात होता. पलीकडून वारा यायचा आणि चुलीचा जाळ तिच्याच तोंडावर टाकायचा.

"भिंत गेली म्हणजे सैपाकघर गेलं," गोजरबाई म्हणायची. "मंग काय खासान? बाज?"

"पाहू," कारभारी म्हणायचा.

हा शब्द त्याला बापाकडून मिळाला होता. शेतं भावाभावांत वाटली गेली, पण 'पाहू' मात्र वाटणी न होता सगळाच्या सगळा कारभारीकडं आला.

तसं त्यानं काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यानं एकदा जेसीबी बोलावला होता. बोरढवात प्रश्न कोणताही असो, उत्तर जेसीबी हेच. बांधाचं भांडण असो, विहिरीचा गाळ असो, नवरदेवावर फुलं टाकायची असोत, भागवत आपला जेसीबी घेऊन हजर. तो आला, उतार पाहिला, तोंडातली सुपारी थुंकला आणि म्हणाला, "पायऱ्या पाडून देतो, दादा. हिमालयात असंच करतेत." भागवत चिखलीच्या पुढं कधी गेला नव्हता. पण जेसीबी चालताना पाहायला अर्धं गाव जमलं होतं, आणि एवढ्या लोकांसमोर त्याला हिमालय कोणता हे विचारणार कोण? पायऱ्या झकास पडल्या. आषाढात त्या सगळ्या उकरलेल्या मातीसकट नाल्यात गेल्या, आणि दोन सालांत जेवढं गेलं नव्हतं तेवढं एका दुपारी गेलं.

"मशीनची चूक नाई," भागवत म्हणाला. "पाणी चुकीच्या बाजूनं आलं."

"नाचता येईना त आंगन वाकडं," गोजरबाई म्हणाली. "आंगनच नाई राह्यलं, आता काय म्हणशीन?"

मग मुलाची पाळी. शिवम जालन्याला गोदामात कामाला होता. आठवड्याला घरी यायचा आणि उतारावर उभं न राहता मोबाईलवर उतार पाहायचा. "माय, नारळाच्या काथ्याची जाळी भेटते. उतारावर हांतरायची. लय भारी काम हाय."

"नारळ आपल्या इथी फक्त फोडाले येते, बापू," गोजरबाई म्हणाली. "काथ्या त्याच्या दाढीयेवढा निंगते. त्यात टेकाड बांधू का?"

कारभारीचं मत याहून उंच होतं. "आसले भिकारचोट उपाय माह्या घरी व्हनार नाईत," तो बाजेवरून सांगायचा. "बांधीन त आरसीसीची भित्त बांधीन. गावानं पाह्यली पाह्यजे."

आरसीसीची ऐपत नव्हती म्हणून ती झाली नाही, आणि साध्या उपायाची लाज होती म्हणून तोही झाला नाही. माणसाची लाज आणि ऐपत यांच्या मधून पाणी बरोबर वाट काढतं.

आता गोजरबाईच्या पेटीकडं वळलं पाहिजे. खोलीच्या कोपऱ्यात तिची पत्र्याची पेटी होती, आणि ती आहेराच्या साड्यांनी झाकण वर येईस्तोवर भरली होती. ज्यानं आपल्या भागात एक तरी लग्न लावलं असेल त्याला या साड्या ठाऊक आहेत. धाडच्या दुकानात बाई चढली की दुकानदार पहिला प्रश्न करतो, "नेसायची का द्यायची?" नेसायची म्हटलं की तो उजवीकडचा गठ्ठा काढतो. द्यायची म्हटलं की न पाहता डावीकडं हात घालतो. डावीकडची साडी उजेडात धरली तर पलीकडचं लग्न दिसतं. ती कोणी नेसत नाही. ती याच्या घरून त्याच्या घरी जाते, हळदीकुंकू लावून घेते, पेटीत बसते आणि पुढच्या लग्नात उठून तिसऱ्याच्या घरी जाते.

फाल्गुनात गोजरबाई शेतात गेली. रानडुकरं येऊ नयेत म्हणून कारभारीनं हरभऱ्याभोवती अशाच साड्या बांधल्या होत्या. डुकरं त्या साड्यांना नातेवाईकांइतकीच किंमत देत होती. पण एक साडी सुटून बांधाच्या उताराला आडवी पडली होती, आणि मध्येच झालेल्या अवकाळी पावसात तिच्यामागं माती येऊन बसली होती. चांगली वीतभर, वर सपाट, लेकरू झोपवावं अशी. बाकी बांध धुऊन गेलेला.

गोजरबाईनं ती माती पायानं दाबून पाहिली. मग घरी आली आणि पेटी उघडली.

काम तिनं एकटीनं सुरू केलं. सुनेला, काजलला, राहवलं नाही म्हणून तीही आली. साडी लांब हांतरायची, त्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, आणि तुराट्यांचे तुकडे भरायचे, गुंडाळून अजगरासारखी वळ करायची, सुतळीनं बांधायची आणि उताराला आडवी टाकायची. पहिली वळ तिनं नुसती ठेवली. वळवाच्या एका सरीत पाणी खालून गेलं आणि वळ सरळ नाला ओलांडून कलाबाईच्या दारात.

"गोजरबाई वं!" कलाबाईनं पलीकडून हाक मारली. कलाबाईचा आवाज असा, की नाल्याला पूल नसल्याची बोरढवात कोणी कधी तक्रार केली नाही. "तुही लेक सासरी आली माह्या घरी! पोटुशी दिसते!"

"माघारी धाड तिले!"

"धाडतो. पण बाई, नुसती ठेवून कशी राहीन? माह्या कचरूच्या बापाले बी बांधून ठेवा लागे, तवा घरी राहे."

हे गोजरबाईला पटलं. दुसऱ्या खेपेला तिनं आधी आडवी चर खोदली, वळ तिच्यात अर्धी बसवली, बाभळीच्या खुंट्या आरपार ठोकल्या आणि वरच्या अंगाला माती दाबली. मग खालून वर अशा ओळी लावत गेली. मृगात त्या ओळींच्या मागं तिनं हराळी लावली.

तेव्हा मात्र कारभारी बाजेवरून उठला. साड्यांवर त्यानं तोंड वाकडं केलं होतं, पण हराळी! ज्या घरात पिढ्यानपिढ्या लोकांनी हराळी खणण्यात कंबर मोडून घेतली, त्या घरची बाई शेतातून हराळी पाटीत आणून पाणी घालून लावते, म्हणजे घरात साप पाळण्यासारखं.

"येडी झाली काय वं तू? शत्रू हाय तो आपला!"

"म्हणूनच आणला. तुमी जन्मभर उपटली, हालली का ते? अशीच पाह्यजे मले. आपल्या मानसापेक्षा शत्रूच बरा, धरलं का सोडत त नाई."

आषाढ आला आणि गेला. उतार जागच्या जागी राहिला. वळींमागं माती बसली, हराळीनं तिच्यात बोटं रोवली, आणि फटीतून गोजरबाईचा पंजा जायचा तेवढाच जात राहिला. पण दुसरंच संकट उभं राहिलं. कुटार भरून ताणलेल्या त्या साड्या पावसानं धुऊन चकाचक झाल्या. कलाबाईच्या दारातून आणि नाल्याकाठच्या वाटेवरून अख्खा उतार दुकानातल्या मांडणीसारखा दिसू लागला. गावातल्या बाया वाट वाकडी करून यायच्या आणि कोणाची कोणती ते ओळखायच्या.

"ते जांभळी हाय ना, ते पोलीसपाटलाच्या घरची," कलाबाई दारात बसून सांगायची. "तिच्या खालची, केळीच्या पानावानी, ते सरपंचाची. पाहा ना, सरपंचाचीच जागची सरकली."

एक दिवस कारभारीची बहीण आशाबाई तरातरा आली. घरात न शिरता सरळ मागं गेली, आणि मधल्या ओळीवर बोट रोखून उभी राहिली.

"वयनी! ते माही साडी हाय!"

"हाव."

"ते मी तुले नेसाले देल्ली होती! मातीत घालाले नाई!"

"तू नेसली असती का, आशाबाई? खरं सांग, लक्ष्मीची आन."

"माहा परश्न नाई तो! देणाऱ्याचा मान असते का नाई काही?"

"असते ना. म्हणूनच मधात लावली. सगळ्यात जास्त पाणी तथीच येते."

"लोकं हासून राह्यले मले! त्या कलाबाईनं त भर रस्त्यात इचारलं, तुमची हिरवी का गुलाबी म्हणून!"

गोजरबाई खाली उतरली, वळीचा पदर चिमटीत धरून तिनं वर केला. त्याला दिव्यानं जळाल्याचं भोक होतं. "हे भोक पाह्यलं? हे माह्या देवघरात पडलं. ही साडी म्या तुह्या नणंदेच्या लग्नात तुले देल्ली होती. तू मले माहीच परत देल्ली, वर हळदीकुंकू लावून. इतकं गाव फिरून थकली बिचारी. बसू दे तिले आता इथं."

आशाबाईनं रोखलेलं बोट खाली घेतलं. ती घरात गेली, चहा प्याली, दोन कप प्याली, आणि भाऊ एकटा असताना त्याच्या कानाला लागली.

"दादा, माहं सोड. पण महालक्ष्म्याले तुही ईनबाई येऊन राह्यली ना देऊळगावराजाहून? तिनं देल्लेली साडी सगळ्यात वर हाय. सैपाकघराच्या खालीच. मंग काय म्हणन ते?"

कारभारीनं बाजेवरून पाय खाली घेतले. काजलची आई सत्यभामाबाई म्हणजे मोठं प्रकरण. त्यांच्या नवऱ्याचं बियाण्याचं दुकान, आणि बोलणं असं की समोरच्यानं आपणहून पाट सोडावा. साक्षगंधात, म्हणजे साखरपुड्यात, त्यांनी दिलेली साडी पोपटी, जाड जरीची, ताठ. उभी केली तर कोणी आत नसतानाही उभी राहावी. तेवढ्यासाठीच गोजरबाईनं ती वरच्या ओळीला वापरली होती. टिनाच्या छपराचं सगळं पाणी धबधब तिथंच पडायचं, आणि जरीचं ते ताठ कापड त्याला दाद देत नव्हतं.

"काढून टाक ते," कारभारी बायकोला म्हणाला. "माह्या याह्याच्या घरची साडी कुटार भरून मातीत! माही इज्जत काय राहीन?"

"इज्जत तथीच हाय तुमची. त्याच साडीवर सैपाकघर टेकलं हाय. ते हालली का भिंत हालली."

"मामंजी, मायले काही नाई वाटणार," काजल म्हणाली. "दुकानदारानं इचारलं होतं नेसायची का द्यायची. मी होती ना संगं."

"तू चूप. घरचं झालं थोडं अन् याह्यानं धाडलं घोडं, त्यात तुही भर नको," कारभारी म्हणाला. मग विचारात पडला. विचार ही गोष्ट तो क्वचित करत असे, आणि केली की घराला महागात पडत असे.

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस उजाडला. दोघी महालक्ष्म्या पुढच्या खोलीत नेसायच्या साड्या नेसून उभ्या होत्या. गोजरबाई आणि काजल पहाटेपासून पुरण, आंबील आणि सोळा भाज्यांत बुडालेल्या. कारभारी मागं गेला. वरच्या ओळीच्या खुंट्या त्यानं उपटल्या, वळ सोडवली, कुटार नाल्यात झटकलं, साडी हौदावर खंगाळली आणि पुढच्या अंगणात, येणाऱ्याच्या नजरेत पहिली भरेल अशी, दोरीवर वाळत टाकली. जणू गोजरबाई कालच ती नेसून फिरत होती. मग हात धुऊन, टोपी सारखी करून, तो दारात उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं उतारावर अंगमेहनत केली होती.

सत्यभामाबाई रिक्षातून उतरल्या. दोरीवरची साडी त्यांनी पाहिली, काठ चिमटीत धरून पाहिला, आत येऊन महालक्ष्म्यांपुढं डोकं टेकलं.

पंगत बसली आणि आभाळ पश्चिमेकडून काळंठिक्कर होऊन आलं. भादव्यातला पाऊस असा की पोळीवर तूप पडायच्या आत टिनावर धोंडे पडल्यासारखा आवाज. गोजरबाई वाढत होती. एवढ्यात सैपाकघराच्या मागून धप्पकन आवाज आला, आणि नाल्यापलीकडून कलाबाईचा त्याहून मोठा.

"गोजरबाई वं! वरची ओळ कोठी गेली? माती चालली तुही!"

गोजरबाईनं हातातली वाटी ठेवली आणि मागच्या दारात गेली. जिथं पोपटी वळ होती तिथं उघडी चर होती. छपराचं पाणी नेमकं त्या चरीत पडत होतं, मऊ माती लोण्यासारखी कापत होतं, आणि भिंतीखालचा एक दगड आधीच खाली गेला होता. भिंतीतली फट एवढी झाली होती की पलीकडचा पाऊस दिसत होता. खालच्या ओळी तेवढ्या दात खाऊन उभ्या होत्या.

तिनं मागं वळून अंगणातल्या दोरीकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं. कारभारी पानातलं पुरण फार बारकाईनं पाहत होता.

"काजल, साडी आण. दोरीवरची," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. नवऱ्यावर आवाज चढवावा एवढी त्याची किंमत तिच्या लेखी त्या घडीला राहिली नव्हती.

"पण भरासाठी कुटार कोठी हाय, आत्याबाई? सगळं वलं झालं!"

गोजरबाईची नजर बाजेवर गेली. बाजेवर कारभारीची गादी होती. कापसाची, जाड, त्याच्या पाठीचा आकार घेतलेली.

"अवं, गादी..." कारभारी उठता उठता म्हणाला.

"सरका, याहीबुवा," मागून आवाज आला. सत्यभामाबाईंनी पदर खोचला होता, आणि गादीचं एक टोक त्यांच्या हातात होतं.

तिघी बाया पावसात उतरल्या. कारभारीची गादी पोपटी साडीत गुंडाळली, चरीत दाबली, काजलनं खुंट्या धरल्या, गोजरबाईनं ठोकल्या, आणि गादीवर सत्यभामाबाई स्वतः उभ्या राहून नाचल्या तेव्हा ती चांगली बसली. पाणी वरून आलं, जरीवर आपटलं, जरा थबकलं आणि दोन्ही अंगांना पसरून हराळीत शिरलं. कलाबाईनं पलीकडून टाळ्या वाजवल्या.

भिंत राहिली. खालचा दगड गेला, पण भिंत राहिली.

तिघी चिखलानं माखून आत आल्या तेव्हा कारभारी उंबऱ्यात हात जोडून उभा होता. "ईनबाई, माफ करा. तुमची साडी... आमच्या घरात ते कोन्या कारणानं..."

"साडी दोरीवर कोणी टांगली होती?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

कारभारीनं टोपी सारखी केली.

"काठाले खुंटीचे भोकं होते अन् निऱ्यांत कुटार होतं. नेसलेल्या साडीले कुटार लागत नाई, याहीबुवा. अन् मले काय ठाव नव्हतं? काजलनं जेठातच मोबाईलवर फोटो धाडला होता. आमच्या दुकानामागं बी उतार हाय. म्या बी ओळी लावल्या."

"तुमी?"

"हाव. सगळ्यात वर तुमची. साक्षगंधात तुमी देल्लेली, ते मोरपंखी." त्यांनी केसातला चिखल पिळला. "पण खरं बोलतो, राग मानू नका. पहिल्याच पान्यात फाटली. आमची पाहा, कशी टिकली."

गोजरबाई आयुष्यात इतकी कधीच हसली नव्हती. हसता हसता ती चुलीपाशी बसली आणि पोळी उलटायला घेतली.

त्या साली कारभारीनं बाज आत ओढली नाही. उलट हातभर बाहेर सरकवली. गादी नव्हती, त्यामुळं सुंभाचे वळ पाठीवर उठायचे. पण पारावर तो सांगू लागला की घरामागचा उतार आपण थांबवला, बायकांना कसं लावायचं ते दाखवलं, आणि मुख्य म्हणजे आपण स्वतःची गादी दिली. भागवतही अधूनमधून मान हलवायचा, की पायाभूत काम जेसीबीचंच होतं.

गोजरबाईचं नुकसान मात्र वेगळ्या बाजूनं झालं. उतारावर आपलं नाव टांगलं जाईल या भीतीनं नातेवाईक सुधारले. पुढच्या लग्नसराईत तिला आलेल्या साड्या एकजात चांगल्या; मऊ, रंग धरणाऱ्या, नेसाव्या अशा. आशाबाईनं तर रेशमी दिली, आणि चारचौघांत उलगडून दाखवून दिली. गोजरबाईची पेटी अशी भरली की मातीत घालायला त्यात एकही साडी उरली नाही, आणि न्हाणीच्या बाजूची एक ओळ अजून बाकी होती.

शेवटी ती बाजाराच्या दिवशी धाडला गेली आणि दुकानाची पायरी चढली.

"या काकू," दुकानदार म्हणाला. "नेसायची का द्यायची?"

"टेकाडाले पाह्यजे," गोजरबाई म्हणाली.

दुकानदाराचा हात सवयीनं डावीकडच्या गठ्ठ्यात गेला.

"ते नको, बापू. ते मानसाले देतेत. मातीत घालायची हाय, जराशी बरी दाखव."